मदत हवी आहे: एक्सएमएलमधून जाताना ठरावीक लोकांच्याच जन्मतारखा एक दिवस मागे सरकतायत

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, तीन दिवस एकाच जागी अडकून पडलोय, कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

एका संस्थेच्या पेन्शनरांची यादी आमच्याकडून जावा प्रोग्रॅममधून एक्सएमएल फाइल (खुणांच्या चौकटीत माहिती लिहिलेला मजकूर) होऊन निघते आणि दुसऱ्या ऑफिसात डॉट नेटचं सॉफ्टवेअर ती वाचून घेतं. एक्सएसडी, म्हणजे फाइलमधे काय कसं लिहायचं ते ठरवणारा स्कीमा, फार आधी कोणीतरी बनवलेला, त्यात जन्मतारखेचा टाइप एक्सएस:डेटटाइम, म्हणजे तारीख अधिक वेळ, ठेवलाय. फाइल व्हॅलिडेट होते, एकही एरर येत नाही, आणि तरी काही जणांची जन्मतारीख तिकडे एक दिवस आधीची दिसते. सगळ्यांची नाही, काहींचीच.

गेल्या आठवड्यात एक आजोबा हयातीचा दाखला द्यायला गेले होते. जन्म १५ ऑगस्ट १९४३. शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेला, त्याच्यावर १५, आधारवर १५, आणि स्क्रीनवर १४. जुळत नाही म्हणून परत पाठवलं त्यांना. ऐंशी ओलांडलेला माणूस दोन बस बदलून आला होता हो, आणि चूक आमच्या फाइलची. मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

डेटाबेसमधे तारखा बरोबर आहेत, तपासल्या. १९४६ आणि नंतरचे सगळे ओके. १९४३ आणि १९४४ चे झाडून सगळे चुकलेले. १९४५ चे फेब्रुवारीवाले चुकलेत पण नोव्हेंबरवाले बरोबर, आणि जुलै १९४२ च्या एक आजी आहेत त्यांची पण बरोबर! लीप इयर वगैरे लावून बघितलं, काही बसत नाही. टीममधला एकजण म्हणतो रात्री १२ ऐवजी दुपारी १२ ची वेळ टाकून पाठव, प्रॉब्लेम जाईल. जाईलही, पण का होतंय ते कळल्याशिवाय हात लावायला धजत नाहीये.

पर्णिका:
सर्व्हर क्लाउडवर आहे का? त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपली मध्यरात्र तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसहा होते. आमच्याकडे झालेलं हे.

गोदाकाठ:
नाही ना, दोन्हीकडे भारताचाच टाइमझोन लावलाय. आणि तसं असतं तर सगळ्यांच्याच तारखा सरकल्या असत्या.

जुनाजावा:
फाइल नोटपॅडमधे उघडा, तारखेची शेपटी बघा. एक १९५८ चा माणूस घ्या आणि एक तुमचे आजोबा. ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा वेळेचा फरक, काय येतोय दोघांचा?

गोदाकाठ:
बघितलं. १९५८ वाल्यांना +०५:३०, आजोबांना +०६:३०!! बाकी चुकलेले पण सगळे +०६:३०. हे कुठून आलं? आमच्या कोडमधे साडेसहा कुठेच लिहिलेलं नाही.

जुनाजावा:
तुमच्या कोडमधे नसणारच, जावाच्या टाइमझोनच्या माहितीत आहे ते, आणि ते खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात घड्याळं एक तास पुढे केली होती. आधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२, मधे साडेतीन महिने परत साडेपाच, आणि मग सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सलग साडेसहा. तुमच्या जुलै ४२ च्या आजी बरोब्बर त्या मधल्या फटीत जन्मल्या म्हणून वाचल्या. जावाला हा सगळा इतिहास पाठ आहे, म्हणून १९४३ ची मध्यरात्र ते +०६:३० लावून लिहितं. तिकडे विंडोजच्या टाइमझोनमधे भारत कायम साडेपाचच. डॉट नेट ती वेळ वाचून लोकल करायला जातं, एक तास कमी भरतो, म्हणजे १४ ऑगस्ट रात्रीचे ११. मग वेळ कापून नुसती तारीख ठेवली की झाली १४.

दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी ठीक आहेत. चुकलाय तो एक्सएसडी. दाखल्यावर तारीख आहे, वेळ नाहीच, मग डेटटाइम कशाला? एक्सएस:डेट करा, म्हणजे नुसती तारीख. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण एक्सएस:डेटला पण मागे ऑफसेट जोडता येतो, १९४३-०८-१५+०६:३० हे सुद्धा व्हॅलिडच. स्कीमाच्या १.१ मधे, म्हणजे २०१२ च्या, ऑफसेटला सरळ बंदी घालणारा एक्सप्लिसिटटाइमझोन नावाचा फॅसेट (टाइपवर लावायची अट) आहे, पण जावाचा आणि डॉट नेटचा सोबत येणारा व्हॅलिडेटर दोन्ही १.० वालेच, त्यांना तो कळत नाही. म्हणून पॅटर्न लावा: चार आकडे, डॅश, दोन आकडे, डॅश, दोन आकडे, पुढे काही नाही. जावामधे लोकलडेट (वेळ नसलेली तारीख) वापरा आणि ती फाइलमधे लिहायला-वाचायला छोटा अॅडॅप्टर लिहा, जुन्या डेट क्लासमधून जाऊच देऊ नका. डॉट नेटवाल्यांना सांगा प्रॉपर्टीवर डेटाटाइप डेट म्हणून लिहायला.

दुपारी १२ ची युक्ती चालेल, पण उद्या कोणीतरी ती वेळ खरी समजून वापरेल.

पर्णिका:
भारीच! म्हणजे मग फाइलमधले सगळेच डेटटाइम काढून टाकायचे का?

जुनाजावा:
नाही नाही. पैसे कधी जमा झाले, दाखला कधी नोंदवला, ही खरीखुरी घटना आहे, तिला वेळ पाहिजे आणि ऑफसेट पण पाहिजेच. एका तारखेला ऑफसेट आहे आणि दुसरीला नाही असं झालं तर दोघींत १४ तासांपेक्षा कमी अंतर असताना आधी कुठली ते स्कीमाच्या नियमाने ठरवताच येत नाही. तिथे ऑफसेट सक्तीचा करा, इथे बंद.

गोदाकाठ:
जुनाजावा सर, तुमचे किती आभार मानू. आत्ता टेस्ट सर्व्हरवर करून बघितलं, आजोबा १५ ऑगस्टला आले!

अजून एक विचारतो. बऱ्याच जुन्या लोकांची तारीख १ जून आहे, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली, ती कागदावर तशीच आहे म्हणून तशीच पाठवणार. पण काही जणांचं फक्त सालच आहे, महिना नाही की दिवस नाही. आधीच्याने त्यांना १ जानेवारी लावून टाकलंय, ते मला पटत नाहीये.

जुनाजावा:
एक्सएस:जीइयर बघा, त्यात नुसतं १९३९ लिहिता येतं. डेट आणि जीइयर दोन्हींचा युनियन करा, म्हणजे दोन्हींपैकी काहीही चालेल असा एकच टाइप. फक्त जावामधे युनियन साध्या स्ट्रिंगसारखा हातात येतो, तो वेगळा करायचा कोड तुम्हालाच लिहावा लागेल. त्यापेक्षा दोन वेगळे एलिमेंट (रकाने) करून चॉइसमधे, म्हणजे दोघांपैकी एकच येईल असे, टाकले तर वाचणाऱ्याला सोपं जातं, मी तेच करेन.

गोदाकाठ:
चॉइसच करतो. समोरच्या ऑफिसला नवीन एक्सएसडी मेल केलाय, त्यांनी सोमवारी लावतो म्हणून सांगितलंय. तोपर्यंत +०६:३० वाल्या सगळ्यांची यादी काढून त्यांच्या काउंटरवर देऊन ठेवतोय, म्हणजे ह्यातलं कोणी आलं तर परत पाठवणार नाहीत. आजोबांना आत्ताच फोन केला, आता यायची गरज नाही म्हटलं, तर म्हणाले दाखल्याची झेरॉक्स तरी पाठवून देतो, असू दे तुमच्याकडे.