'चीप' हा शब्द मूळचा स्वस्ताईचा आहे का?

शब्दपिसाट:
लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या जवळ 'चीपसाइड' नावाचा रस्ता आहे. जिथे जागांचे भाव गगनाला भिडले आहेत, त्या भागाला असे नाव कसे पडले असावे? एके काळी तिथे स्वस्त माल मिळत असे, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. जाणकारांनी या शब्दाची व्युत्पत्ती सांगावी.

बखरवाचक:
आपली शंका रास्त आहे. प्राचीन इंग्रजीत 'चेआप' हे नाम होते आणि त्याचा अर्थ खरेदी-विक्री, सौदा, बाजार असा होता. माल स्वस्त आहे की महाग, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्यामुळे चीपसाइड म्हणजे निव्वळ बाजारपेठ. तिच्या आसपासच्या ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पोल्ट्री या नावांवरून कुठे काय विकले जाई, हे पुण्याच्या तांबट आळीइतकेच सहज कळते. लॅटिनमधील 'काउपो', म्हणजे किरकोळ व्यापारी किंवा खाणावळवाला, हा शब्द रोमन काळात जर्मानिक भाषांत शिरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विकत घेणे या अर्थाचे जर्मन क्रियापद 'काउफेन' त्याच कुळातले, आणि कोपनहेगन हे नावही मुळात 'व्यापाऱ्यांचे बंदर' असेच आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या सौद्याला 'गुड चीप' म्हणत. पुढे त्यातले 'गुड' गळून पडले आणि सोळाव्या शतकात एकटे 'चीप' स्वस्त या अर्थाचे विशेषण म्हणून रुळले. डच लोकांनी मात्र 'चांगले' टाकून दिले नाही. स्वस्त वस्तूला ते आजही 'खुटकोप', म्हणजे अक्षरशः 'चांगली खरेदी', असेच म्हणतात.

शब्दपिसाट:
आभारी आहे. मग हलक्या प्रतीचा, हा अर्थ त्याला केव्हा चिकटला?

बखरवाचक:
फार उशीर लागला नाही. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात राजा युवराजाला सुनावतो, की मी ऊठसूट लोकांत मिरवलो असतो, तर त्यांच्या लेखी शिळा आणि 'चीप' ठरलो असतो. ही गोष्ट 1590 च्या दशकातली.

जुनी पेठ:
एक पुरवणी जोडतो. इंग्रजीतला 'चॅप' याच घरातला आहे. 'चॅपमन' म्हणजे व्यापारी, विशेषतः फेरीवाला. त्याचे संक्षिप्त रूप आधी गिऱ्हाइकासाठी वापरले जाई आणि नंतर कोणाही गड्याला लागू झाले. आपला 'महाग' मात्र इतका भटकलेला नाही. संस्कृत 'महार्घ', म्हणजे मोठ्या मोलाचा, यापासून तो आला आणि अर्थ जवळपास तोच राहिला.