जळगाव-धुळ्यात पाण्याकाठी, मातीवर पळायला चांगली वाट कुठली?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. अमळनेरहून बदली होऊन जळगावला आले आहे. फेब्रुवारीत २१ किलोमीटर पळायचं ठरवलंय. डांबरी रस्त्यावर अंतर वाढवायला लागले की डाव्या पायाची नडगी आतल्या बाजूने दुखायला लागते, म्हणून मातीची वाट शोधतेय. पाणी जवळ असलं तर फारच छान, कारण पक्षी दिसले की माझे किलोमीटर आपोआप सरतात. पहाटे एकटीच पळते, त्यामुळे वर्दळ थोडी तरी हवी. मेहरूण तलावाबद्दल पुष्कळ ऐकलंय. रोज तिथे पळणाऱ्यांनी नीट सांगावं: कुठून सुरू करायचं, कुठल्या ऋतूत काय होतं. सुटीच्या दिवशी धुळ्याकडे किंवा भुसावळकडे जायचीही तयारी आहे.

वाघूर
ताई, जळगावात स्वागत. रोजच्यासाठी मेहरूणच. शहराला एवढं लागून असलेलं दुसरं मोठं पाणी आपल्याकडे नाही, आणि पहाटे चालणारी मंडळी इतकी असतात की एकटं वाटत नाही. थंडीत मात्र घाई करू नका. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाचला निघालात तर पाऊण वाट अंधारातच होईल. डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या, नाहीतर पहिले तीन-चार किलोमीटर दिव्याखालच्या रस्त्यावर काढून उजाडल्यावर काठावर उतरा. मी दुसरा प्रकार करतो.

काठाची माती सगळीकडे सारखी नाही. मुरूम पसरलेला भाग सर्वांत चांगला: पाय रुततही नाही आणि हादराही बसत नाही. काळ्या मातीचं गणित वेगळं. पावसाळ्यात ती बुटाच्या तळाला अशी धरते की दहा पावलांत एकेका पायाला पावशेराचं ओझं होतं, आणि उन्हाळ्यात तिलाच बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत टाच अडकून घोटा मुरगळतो. म्हणजे काळ्या मातीवर पळायचं ते दिवाळीनंतर, ओल बसल्यावर आणि भेगा रुंदावण्याआधी. होळी झाली की मी तिथून मुरमावर येतो.

आणखी एक. तलावाची वाट पाण्याकडे थोडी उतरती असते. रोज एकाच दिशेने फेरी मारली तर एकच पाय कायम खालच्या अंगाला राहतो. तुमची डावी नडगी दुखते म्हणता, तर एक दिवस उजवीकडून आणि एक दिवस डावीकडून फेरी घेऊन बघा.

गणपती विसर्जनानंतरचे काही दिवस घाटाच्या बाजूला जाऊ नका. तारा, लाकडाच्या पट्ट्या, खिळे पडलेले असतात. बोरांच्या दिवसांत पुन्हा या बाजूला मजा आहे. मेहरूणची बोरं कुठेही विकत मिळतात, पण पळून झाल्यावर तिथल्या टोपलीतून घेऊन खाण्याचं सुख निराळं.

पांझराकाठ
धुळ्याची बाजू मी मांडतो. नकाणे तलाव! मोकळा वारा, लांबवर पाणी आणि मेहरूणपेक्षा गर्दी कमी. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, त्यामुळे पाण्यात उतरू नये, कुत्र्यालाही उतरवू नये. रस्त्याने तलावापर्यंत जायचं आणि तिथून मातीची वाट धरायची. सलग लांब पळण्यासाठी मला हे जास्त आवडतं, कारण फेऱ्या मोजाव्या लागत नाहीत. गर्दी कमी म्हणजे एकटीने येऊ नका हेही आलंच. रविवारी आमचे सात-आठ जण असतात, त्यात महिलाही आहेत. बिनधास्त सामील व्हा. डेडरगाव तलावही सुंदर आहे, पण तिथे घोळक्यानेच जावं.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. घरातली म्हातारी माणसं सांगायची, ‘ऊन चढाना पहिले घर ये.’ आपल्याकडे मार्च उजाडला की सकाळी आठनंतर पळणं बंद. पाण्याकाठी वारा गार लागतो म्हणून घाम किती गेला ते कळत नाही. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं बरोबर ठेवा. डोकं गरगरलं, अंगावर काटा आला किंवा घाम एकदम थांबला, तर तिथेच सावलीत बसायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि माणूस बोलवायचा.

सातपुडा_फिजिओ
नडगीबद्दल दोन गोष्टी. दुखणं हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असेल आणि पळून थांबल्यावर ओसरत असेल, तर बहुतेक वेळा अंतर घाईने वाढवल्याचा तो परिणाम असतो. पण बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर पळणं थांबवून हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही.

पहिल्या प्रकारात मातीने थोडा आराम मिळेल, पण नुसत्या मातीवर भिस्त ठेवू नका. पावलं आखूड टाका, आठवड्याचं अंतर बेताने वाढवा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करा. बुटांनी ५०० ते ८०० किलोमीटर खाल्ले असतील तर ते बदला. आणि सगळा सराव मातीवरच करू नका. फेब्रुवारीची शर्यत डांबरावर असेल, तर आठवड्यातला एक दिवस डांबराचा ठेवा.

अनेर
मेहरूणबद्दल सहमत. माझं एक मत: काठाला सगळीकडून पेव्हर ब्लॉक घालून पक्का ट्रॅक केला, दिवे लावले, तर बायका-मुलांना कितीतरी सोयीचं होईल. पावसाळ्यातही पळता येईल. आपण सगळ्यांनी मिळून ही मागणी करायला हवी.

टिटवी
अनेर भाऊ, दिव्यांची मागणी मीही करेन, रस्त्याकडच्या बाजूला आणि जमिनीकडे तोंड करून. पण पाण्याला लागून ब्लॉक नकोत. त्यामागचं कारण नीट सांगते.

तलावात पाणी किती यापेक्षा पाणी आणि जमीन जिथे भेटतात तो चिखलाचा पट्टा किती, यावर पक्षी ठरतात. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि दर आठवड्याला हातभर ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात. तुतवार त्यातच चोच खुपसत शेपटी हलवत फिरतो. शेकाट्या लांब लाल पायांवर पाण्यात उभा राहतो, पण त्यालाही घोटाभर पाणीच लागतं, खोल पाणी चालत नाही. काठ उभा आणि सिमेंटचा केला की हा उथळ पट्टाच जातो. पाणी तेवढंच दिसतं, पण त्यात खोल पाण्यावर तरंगणारे चांदवे आणि पाणकावळेच उरतात. टिटवी तर उघड्या खडकाळ जमिनीवरच अंडी घालते, मार्चनंतर. ब्लॉकवर कुठे घालणार?

ताई, पळताना एवढं करा: पाण्याच्या अगदी कडेने न जाता वरच्या वाटेने जा. थंडीत आलेली बदकं पाण्यावर बसलेली असतील तर थांबून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे लोक भेटतात, त्यांना टोका. दूरवरून आलेल्या पक्ष्याला दर दहा मिनिटांनी उठवलं तर त्याच्या पोटाला मिळतं त्याहून जास्त उडण्यात जातं. पळणारा माणूस एका लयीत, वाट न सोडता गेला तर पक्षी त्याला लवकर सरावतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा, जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत. पाऊल बघून टाका आणि पुढे व्हा.

कानात काही घालू नका. गवताच्या कडेला घोणस असते आणि ती डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. ऐकू आलं तर जीव वाचतो. चावलीच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही न करता, पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. विषावरची लस तिथेच.

अनेर
टिटवी ताई, चिखलाचा मुद्दा मला माहीत नव्हता. पण पाणथळ जागांना कायद्याचं संरक्षण असेल ना? मग तिथे बांधकाम होणारच नाही.

टिटवी
२०१७ च्या पाणथळ नियमांनुसार संरक्षित पाणथळीच्या काठापासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळले आहेत. खान्देशातलं आपलं बहुतेक पाणी असंच अडवलेलं आहे, नकाणे घ्या की भुसावळकडचं हतनूर धरण. पक्ष्यांना मात्र बांधलेलं आणि आपसूक झालेलं यात फरक नसतो. गोदावरीवर बंधारा घातल्यामुळे तयार झालेलं नांदूर मध्यमेश्वर २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हतनूरही तापी-पूर्णेच्या संगमावर, तशाच अडवलेल्या पाण्याचं, आणि पक्ष्यांसाठी महत्त्वाचं म्हणून नावाजलेलं. म्हणून आपल्याकडे कायद्यापेक्षा रोज काठावर येणाऱ्यांच्या आवाजाला वजन आहे, आणि रोज येणाऱ्यांत पळणारेच जास्त.

हतनूरला पळायला नव्हे, पक्षी बघायला जा. चांगदेवच्या बाजूने, दुर्बीण घेऊन, एक रविवार राखून.

अनेर
पटलं. मग मागणी अशी करूया: रस्त्याकडच्या वाटेवर मुरूम आणि दिवे, पाण्याकडे काही नाही, विसर्जनानंतर आठवड्याभरात घाटाची सफाई. अर्जाचा मसुदा मी लिहितो, सह्या गोळा करायला माणसं लागतील.

वाघूर
मी आहे. आणि ताई, मेहरूणवर फारच गर्दी असेल त्या दिवशी मोहाडी रस्त्यावरचं लांडोरखोरी बघा. वनखात्याचं उद्यान, झाडांतून वाटा, सावली. पाणी नाही, पण मोर आहेत.

बोरीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. नडगी दाबून पाहिली, दुखणं वीतभर पसरलेलं आहे, एका बिंदूवर नाही. तरी या आठवड्यात दाखवून घेते. मंगळवार आणि गुरुवार मेहरूणची वरची वाट, दिशा बदलून. शनिवारी डांबरावर. रविवारी आलटून पालटून नकाणे. पांझराकाठ दादा, धुळ्यात किती वाजता आणि कुठे जमता? अनेर दादा, माझी सही धरा, आमच्या कार्यालयातल्याही मिळवते.

पांझराकाठ
रविवारी सव्वासहाला, तलावाच्या पाळीखाली. जळगावहून येणार म्हणजे साडेचारला निघावं लागेल, त्यापेक्षा शनिवारी रात्री धुळ्यात ओळखीच्यांकडे मुक्काम करा. पळून झालं की पोहे आमच्याकडून.