जनुकं आहेत, पण प्लेटवर काहीच नाही. पुढे काय?

प्रश्न: एमएस्सी मायक्रोला आहे. शेतातल्या मातीतून काढलेल्या स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविकं बनवणाऱ्या जिवाणूच्या पंधरा प्लेट झाल्या, एकीवरही झोन (दुसरे जंतू मेल्याचं रिकामं वर्तुळ) नाही. जीनोम अँटीस्मॅश या अशी जनुकं शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला तर एनआरपीएस (अमिनो आम्लं जोडून पेप्टाइड बनवणारी एन्झाइमं) यांचे जनुक-क्लस्टर चक्क दिसतात! सर म्हणतात, जिवाणू वाढवायचं माध्यम बदलत राहा.

उत्तर १: मीही दोन वर्षं माध्यमंच बदलली, हाती शून्य. रॉकफेलर विद्यापीठात शॉन ब्रॅडींच्या गटाने जिवाणूची मनधरणीच सोडली. एनआरपीएसचा प्रत्येक ए-डोमेन (अमिनो आम्ल निवडणारा भाग) कोणतं अमिनो आम्ल उचलेल हे जनुकावरून ताडायचं आणि ते पेप्टाइड प्रयोगशाळेत रेझिनच्या कणांवर रसायनांनी सरळ जोडायचं. 2016 मध्ये अशी 25 पेप्टाइडं बनवली, त्यातून एमआरएसएवर (औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर) चालणारं ह्युमिमायसिन हे प्रतिजैविक निघालं. मूळ क्लस्टर ऱ्होडोकॉकस जिवाणूंचे.

उत्तर २: पण भाकीत चुकतं हो. पेप्टाइडचं वलय कुठे जुळतं, नंतर साखर चिकटते का, हे क्रमावरून नीट कळत नाही. म्हणून एकाच क्रमाची सरळ नि वलयाकार अशी रूपं करून पाहतात. 2022 चं सिलाजिसिन हे प्रतिजैविक असंच सापडलं.

प्रश्नकर्ती: आमच्याकडे पेप्टाइड जोडणारं यंत्र, सिंथेसायझर, नाही, रसायनशास्त्रवाल्यांकडे आहे. उद्या डबा घेऊनच जाते त्यांच्याकडे.