मदत हवी आहे: कोडाईकनालच्या शोलात ऐकलेला पक्षी नुसत्या गाण्यावरून ओळखता येईल का?

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या शेवटी कोडाईकनालला आठ दिवस राहून आले आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबलाय, पण नेमकी मदत कसली हवी ते शेवटी आहे, तर तेवढं वाचाच.

ज्यांनी शोला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पलनीच्या डोंगरांत वर, दोन हजार मीटरच्या आसपास, उतारावर सगळं गवत असतं आणि डोंगराच्या घड्यांमध्ये जिथे ओल टिकते तेवढ्याच जागेत बुटकं सदाहरित जंगल. तेच शोला. बुंधे शेवाळाने मढलेले, फांद्या वाकड्यातिकड्या, आणि खाली आपल्या कारवीच्या कुळातली झुडपं इतकी दाट की आत दोन हातांवर माणूस बसला असला तरी कळणार नाही.

रोज पहाटे पावणेसहाला अशाच एका शोलाच्या कडेने जायचे. (जागा मुद्दाम लिहीत नाहीये, पक्षी खरंच तो असेल तर तिथे गर्दी नको.) दुसऱ्या दिवशी धुक्यात एक गाणं सुरू झालं, अगदी खालून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून आल्यासारखं. आधी दोन-तीन बारीक स्वच्छ शिट्ट्या, मग मध्येच कडीला तेल नसल्यावर येतो तसा किर्र आवाज, मग परत गोड, मग काहीतरी भरभर गुंतागुंतीचं, आणि हे सगळं न थांबता चार-पाच मिनिटं. मी जागेवरच उभी राहिले. तो एवढ्या जवळ होता की शिट्टीच्या आधी चोच उघडल्याची टिच् ऐकू येतेय असं वाटत होतं, पण दिसेल तर शपथ.

चार सकाळी ऐकला. बघितला फक्त एकदा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी उजेड जात असताना, आणि तोही फार तर दोन सेकंद. पायवाटेच्या कडेला ओल्या पाचोळ्यात पान उलटवत होता. पाटीसारखा गडद निळा-करडा, चिमणीएवढा किंवा इंचभर मोठा, पाय मात्र लांबट, उभा राहायची पद्धत दयाळसारखी ताठ. पोट पांढरं, हे नक्की. कुशीला तांबूस रंग होता का, तर मला तरी दिसला नाही. माझ्या हातात दुर्बिण होती आणि ती डोळ्याला लावेपर्यंत तो झुडपात.

माझा अंदाज पांढऱ्या पोटाची शोलाकिळी, म्हणजे शोलिकोला अल्बिव्हेंट्रिस. जुन्या पुस्तकांत हिला व्हाइट-बेलीड शॉर्टविंग म्हणतात. पण पाहिलेला पक्षी आणि ऐकलेला पक्षी एकच, हे मी कशाच्या जोरावर म्हणू? ज्याला गाताना बघितलं तो नव्हता ना तो. मोबाईलमधल्या ॲपला रेकॉर्डिंग ऐकवलं तर एकदा शीळकरी कस्तूर दाखवलं आणि दोनदा काहीच नाही. शीळकरी कस्तूर मी आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठी भरपूर ऐकलाय, रिकामटेकडा पोरगा उगाच शीळ वाजवत चालल्यासारखा सुरेल, रेंगाळणारा. हे तसलं नव्हतं.

आता खरी अडचण. सोबतचा वाटाड्या म्हणाला, मोबाईलवर ह्याचंच गाणं लावतो, दोन मिनिटांत समोर येईल, सगळ्यांना असंच दाखवतो. मी नको म्हटलं. एप्रिल ते जून हा त्यांचा विणीचा काळ, हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो बिचारा सगळं सोडून भांडायला येणार आणि तिथे कोणीच नसणार. मला ते पाहवलं नसतं. नको म्हटल्याचं वाईट वाटत नाहीये, पण ओळख अर्धवट राहिली ह्याची रुखरुख आहे. तर जाणकारांनो, एवढंच सांगा: साधारण अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यावरून न बघता ओळख पक्की करता येते का आणि कशी? आणि पुढच्या वर्षी परत जाईन तेव्हा गाणं न वाजवता तो दिसावा म्हणून काय करू?

रानवाट:
छान लिहिलंय ताई, आणि गाणं वाजवू दिलं नाहीत ते उत्तमच केलंत. वर्णनावरून मलाही शोलाकिळीच वाटतेय. शिट्टी, किर्र आणि परत शिट्टी ही मिसळ कस्तुराची नाही. तिथे खालच्या झुडपांत काळा-नारिंगी माशीमारही असतो पण त्याचा आवाज बारीक किड्यासारखा, चार मिनिटांची मैफल तो करत नाही. कुशीला तांबूस नव्हतं हा तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तांबूस कुशीची ती निलगिरी शोलाकिळी, ती पालघाट खिंडीच्या, म्हणजे पश्चिम घाटाला तोडणाऱ्या मोठ्या खिंडीच्या, उत्तरेला. पलनी-अनामलाईत पांढऱ्या पोटाचीच.

आता रेकॉर्डिंगचं. ऑडासिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघा, पण त्याआधी नॉइज कमी करायचं बटण अजिबात दाबू नका, बारीक सूर त्यातच जातात. शिट्ट्या सरळ किंवा वाकलेल्या बारीक रेघांसारख्या दिसतील आणि किर्र आवाज उभ्या ब्रशच्या फटकाऱ्यांसारखा. मग झेनो-कँटो ह्या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर जाऊन तुलना करा, आणि ती पलनी किंवा अनामलाईच्या रेकॉर्डिंगशीच करा. कारण ह्या पक्ष्यांचं गाणं डोंगरागणिक बदलतं. ह्यावर रीतसर अभ्यास झालाय. खिंडींमुळे फार जुन्या काळापासून तुटलेल्या डोंगरांवरच्या गाण्यांत फरक आहेच, पण अलीकडे मधलं जंगल गेल्यामुळे तुटलेल्या जागांमध्येही गाणं वेगळं व्हायला लागलंय. म्हणजे मधलं जंगल गेलं की पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं ऐकणंच बंद होतं, मला तर हे वाचून कसंतरीच झालं होतं.

डोंगरकडा:
थोडी भर. शोलाकिळी हे नाव तसं नवीन आहे. किळी म्हणजे मल्याळममध्ये पक्षी, शोलातला पक्षी. आधी ह्यांना शॉर्टविंग म्हणायचे, मग ब्लू रॉबिन, सगळी नावं हिमालयाकडच्या नातेवाइकांवरून. 2017 साली डीएनए, गाणं, मापं सगळं तपासून व्ही. व्ही. रॉबिन ह्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही मंडळी इतकी वेगळी आहेत की त्यांना स्वतःची प्रजाती (जीनस) हवी, आणि तिचं नाव शोलिकोला ठेवलं. तीन जाती आहेत, पालघाटच्या उत्तरेला एक, पालघाट आणि शेनकोट्टा खिंडीच्या मध्ये तुमची, आणि शेनकोट्टाच्या दक्षिणेला अशांबू डोंगरातली तिसरी, जी त्याच शोधनिबंधात नवीन म्हणून सांगितली. मराठी माणसाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. तुमच्या पक्ष्याला 1868 साली ब्लॅनफर्ड यांनी नाव दिलं ते फेअरबँक यांनी पलनीत मिळवलेल्या पक्ष्यावरून, आणि हे फेअरबँक म्हणजे अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. पलनीच्या लाफिंगथ्रशच्या शास्त्रीय नावात त्यांचंच नाव आहे, फेअरबँकी. तोही तुम्ही ऐकला असेलच, घोळक्याने हसत असतो.

ओलीवाट:
दिसण्याबद्दल मी सांगते, मी अनामलाईत दोन विणीचे हंगाम काढलेत. तुम्ही संध्याकाळी बघितलात ना, तीच वेळ. हा पक्षी उजेड-अंधाराच्या सीमेवर उघड्यावर येतो, बाकी दिवसभर झुडपांत आत. चालू नका, बसा. ओढा किंवा ओलसर खाच, पाचोळा आणि वर दाट सावली अशी जागा बघून संध्याकाळी साडेपाचलाच बैठक मारा, पाठ बुंध्याला टेकवून, मोबाईल बंद. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, मग पान उलटल्याचा आवाज येतो, तिकडे मान वळवायची नाही, नुसते डोळे. आणि एक कळकळीची विनंती, त्या काळात बुंध्यातलं भोक किंवा मातीच्या दरडीतली पोकळी दिसली तर वाकून बघू नका. घरटं तिथेच असतं, शेवाळ आणि मुळ्यांचं, दोनच अंडी. दोन म्हणजे किती कमी आहेत विचार करा.

अजून एक, गाणाऱ्याला बघितलं नाही म्हणून नोंद कमी दर्जाची असं मनात आणू नका. ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आवाजाच्या नोंदी चालतात, फक्त रेकॉर्डिंग जोडा आणि वर्णनात तुम्ही इथे लिहिलंय तसंच लिहा, काय पाहिलं आणि काय ऐकलं ते वेगवेगळं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री जागून बसले. नॉइज न काढता उघडलं, पलनीची चार रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवली. उभे फटकारे अगदी स्पष्ट दिसतायत रानवाट, आणि त्यांच्या मागोमाग वर चढून एकदम खाली वाकणारी एक शिट्टी आहे ती चारपैकी तिघांत तशीच आहे. माझ्या पक्ष्याने ती अकरा मिनिटांत एकोणीस वेळा म्हटलीये, मोजली. कस्तुराच्या रेघा शेजारी ठेवल्या तर कुठे जुळत नाहीत.

ओलीवाट, तुमचं वाचून एक आठवलं. तो दिसला त्या जागी वर वाटेच्या पलीकडे सगळी वॅटलची लागवड होती, इंग्रजांच्या काळापासून ह्या डोंगरांत गवतावर ही बाहेरची झाडं लावत आले ती. त्या बाजूने आठ दिवसांत एकदाही गाणं ऐकू आलं नाही, सगळं खाचेतल्या जुन्या झाडांकडूनच. खाच फार मोठी नव्हती, ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारली तर पोचेल एवढी. तिथे असे किती नर असतील? दरवेळी ऐकलेला नर एकच असेल का? वेगवेगळ्या दिवशीची गाणी जुळवून हे कळू शकत असेल तर कसं करायचं तेही सांगा, रेकॉर्डिंग तारखेनुसार वेगळी केलीयेत, आज रात्री अपलोड करते.