पूर येतो, तरी जुनं घर सुटत नाही... तुमच्याकडचं सांगा

पांझराकन्या: काल रात्री घरच्या ग्रुपवर मेसेज, तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 च्या 41 दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी सावध राहा. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, तरी उठून बसले. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी, घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. 2006 च्या ऑगस्टमध्ये खालच्या गल्लीत पाणी शिरलं, सगळे शाळेत गेले आणि आजी सागाच्या खांबाला धरून बसली, "मी कथाच जावाव नही" (कुठेच जाणार नाही). पप्पांनी उचलून नेलं शेवटी. नंतर वरच्या अंगाला प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं तर आजी तिथे फक्त झोपायला, उजाडलं की परत जुन्या ओट्यावर. म्हणायची कानबाई, आमची खान्देशची देवी, या घरात बसते, तिला कुठं नेऊ. आणि कानबाई श्रावणात, नेमक्या पुराच्या दिवसात! तेव्हा राग यायचा खूप. आता आजी नाही, घर पाडायचं ठरलंय आणि मीच भावाला म्हणतेय थांब जरा. तुमच्याकडे कोण हललं, कोण नाही?

चाळीसगावकर: 31 ऑगस्ट 2021. तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदमच आल्या, पाटणादेवीकडे रात्रभर पाऊस. खाली दुकान वर आम्ही, सकाळी जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी. सगळे विचारतात सोडत का नाही. गिऱ्हाईक तीस वर्षांचं आहे, त्याला घेऊन कसं जाऊ?

काळी माती: आमचे आबा गुरांमुळे थांबायचे. माणसांना शाळेत जागा, बैलांना कुठे? रात्री दोनला दावी कापून गुरं टेकडीवर हाकली, मग स्वतः निघाले. नवीन प्लॉटवर गोठ्याला जागाच धरली नव्हती, म्हणून अर्धी गल्ली परत खाली आली.

निवृत्त पाटबंधारे: निळ्या पूररेषेच्या आत घर असेल तर कृपया पुन्हा बांधू नका. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाची. लोक म्हणतात 2006 ला येऊन गेला, आता 2031 पर्यंत निवांत. तसं नसतं हो, शक्यता दरवर्षी तेवढीच, शंभरात चार. ताई, पाडताय ते बरोबर करताय.

आखाजीची झोकेवाली: ताई रडवलंत. माझं माहेर पण वर गेलं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गेले तर झोका बांधायला निंबच नाही, सगळे कॉलमच कॉलम. मैत्रिणींची घरं पण आता कुठं कुठं. कुकर झालाय, नंतर लिहिते

सातपुड्याचा: आजोळ धडगावकडे, सरदार सरोवरात गेलं. महाराष्ट्रातली 33 गावं होती ती. आजोबांना तळोद्याकडे जमीन मिळाली, पीक चांगलं येतं, खोटं कशाला बोलू. पण डोंगरात प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, इथे ओळीने प्लॉट. ते अजून अंगणात उभे राहून लांब हाक मारतात आणि शेजारचा लगेच दार उघडतो. फक्त एक सांगतो, तुमच्याकडे नदी येते आणि जाते. आमच्याकडे पाणी आणून बसवलं, त्यामुळे हे दोन एकात धरू नका.

पांझराकन्या: @सातपुड्याचा, बरोबर आहे दादा. मी एकत्रच धरलं होतं.

बिबडेप्रेमी: विषय सोडून विचारते, धाब्यावर बिबडे (ज्वारीचे पापड) कसे खडखडीत वाळायचे, स्लॅबवर खालून दमट का राहतात?

आखाजीची झोकेवाली: थेट प्लास्टिकवर नको, खाली खाट अन् वर जुनी सुती साडी. दुपारी उलटायचे.

पांझराकन्या: भावाचा फोटो आला, पाणी देवळाच्या पायरीला लागलंय, गल्लीत नाही. सुतार म्हणतो सागाचे खांब नव्या घराच्या ओट्याला लावता येतील, कानबाई तिथेच बसवू. कोणी केलंय का असं?

काळी माती: आम्ही केलंय. आधी वाळवी बघा, बुडाचा हातभर भाग पाण्याने कुजलेला असतो, तो कापून खाली दगड द्या. उंची कमी भरते, मग ओटाच तेवढा उंच घ्या.