समुद्रात जाणारं पाणी 'वाया' जातं का?

जांबोटीकर:
रविवारी बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला गेलो होतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचं कुंड, ते पाणी कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. जवळचाच कळसा नाला मात्र म्हादईला मिळतो आणि पणजीला अरबी समुद्र गाठतो. हाच नाला मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडला पाणी द्यायची कर्नाटकाची योजना आहे. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "एवढं पाणी फुकट समुद्रात चाललंय बघा."
फुकट कसं वो? म्हादई खाली गेल्यावर मांडवी होते, तिच्या मुखाशी चोडण बेटाची खारफुटी आहे. ती गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिश्रणावर जगते. कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. किनाऱ्यावर कितीही रोपं लावा, वरून गोडं पाणी आणि गाळ कमी झाला की त्यांचं काय होणार? पाणी वळवताना समुद्राचाही वाटा धरावा, एवढंच म्हणणं.

धारवाडचा जावई:
सासुरवाडीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. बॅरल, घागरी, कुकरसुद्धा भरून ठेवतात. त्या घरात जाऊन खेकड्यांच्या पिल्लांचं सांगा की! २०१८ साली म्हादई लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंय. चोरी करूलालोय काय आम्ही?

जांबोटीकर:
चोरी कोण म्हणालं? पिण्याला नको असंही नाही. पण जुलैतला लोंढा आणि मार्चमधली धार एकच धरू नका. मार्चमध्ये थोडं कमी झालं तरी भरतीचं खारं पाणी नदीत आणखी वर चढतं.

वडगाववाला:
समुद्राचं राहू दे, आधी आमच्या बेळगावचा बळ्ळारी नाला बघा. पाऊस झाला की आमच्या भातात प्लास्टिक, बाटल्या, एकदा तर अख्खी गादी आली. पाणी ओसरल्यावर रोपांच्या शेंड्यांना पिशव्या लोंबकळत होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, वाळत घातलंय काय?"

जांबोटीकर:
तोच नाला मार्कंडेय नदीला, ती घटप्रभेला, ती कृष्णेला. तुमच्या शेतात अडकलं नाही ते समुद्रातच जातंय. विषय एकच आहे.

वडगाववाला:
एकच असेल, पण गादी मी उचलली.

देवबागची लेक, टिळकवाडीची सून:
माझं माहेर कर्ली नदीच्या मुखाशी. आई ओहोटीला मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची, आता टोपली भरायला दुप्पट वेळ लागतो म्हणते. पण जांबोटीकर भाऊ, सगळा दोष नदीवर नको. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री दिवे दिसतात. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांनी मग काय ओढायचं? आणि 'संवर्धन' म्हटलं की आमची माणसं बिचकतात. १९८७ ला मालवणात सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. आपली होडी उद्या अडवतील, ही भीती अजून गेली नाही. आधी त्यांना विचारा, मग रोपं लावा.

धारवाडचा जावई:
हे पटलं. पाण्याचं मात्र नाही.

जांबोटीकर:
चालतंय. जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आत बांगडे खायला या, तिथं भांडू.