मोठ्या माशासाठी गॅफ (मासा बोटीत ओढायचा, दांड्याला लावलेला आकडा) कोणता घ्यावा?

निळंपाणी:
बोट लहान आहे, काठ पाण्यापासून जेमतेम दोन फूट. सुरमई आजवर हातजाळीनेच वर घेतली. परवा मोठा कुपा (ट्यूना) अगदी बोटीला लागला, पण जाळीत मावेना. त्या ओढाताणीत लीडर (गळाजवळचा मजबूत दोर) तुटला आणि मासा तोंडातल्या गळासकट गेला. फार लागलं मनाला. दांडा किती लांब आणि आकडा केवढा घेऊ?

सुकाणू:
तुमच्या बोटीला ४ ते ५ फुटी दांडा पुरेल. ८ फुटी गॅफ उंच काठाच्या बोटींसाठी. लहान बोटीत तो कशाला ना कशाला अडकतो. आकड्याचं तोंड, म्हणजे टोक आणि दांडी यांतलं अंतर, ३ इंच घ्या. २ इंची आकडा जाड पाठीच्या माशाला पुरेसा खोल बसत नाही.

पण खरी चूक होते ती मारताना. गॅफ नेहमी लीडरच्या मागून, माशाच्या पाठीवरून न्यायचा. लीडरच्या पुढून घातला आणि नेम हुकला, तर आकडा लीडरलाच अडकतो. मासा आडवा होऊन शांत येईपर्यंत थांबा. मग डोक्याजवळ टोक टेकवून एका दमात आपल्याकडे ओढा आणि त्याच ओघात आत घ्या. कुऱ्हाडीसारखे घाव घालू नका.

निळंपाणी:
शेपटीकडे लागला तर?

सुकाणू:
डोकं मोकळं राहतं, सगळा जोर शाबूत राहतो आणि दांडा हातातून हिसकला जातो. म्हणून दांड्याची दोरी मनगटाला कधीही बांधू नका. मासा आत येईपर्यंत रॉडवाल्याने ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवावा. आकड्यावरून सुटलाच तर दोर तुटत नाही.

खारावारा:
शंभर किलोच्या पुढच्या माशाला साधा गॅफ नको. फ्लाइंग गॅफचा आकडा दांड्यापासून सुटतो आणि दोरीवर राहतो. दोरीचं दुसरं टोक आधीच बोटीच्या खुंट्याला पक्कं बांधलेलं हवं, आणि दोरीच्या वेटोळ्यात कुणाचा पाय नको. विक्रमासाठी नोंद करायची असेल तर आयजीएफए या आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटनेच्या नियमांत गॅफची कमाल लांबी ८ फूट आहे, फ्लाइंग गॅफची दोरी ३० फूट.

एक विनंती. सोडायच्या माशाला गॅफ लावू नका. लहान किंवा संरक्षित मासा दिसला की पाण्यातच गळ काढा, नाहीतर लीडर तोंडाजवळ कापा.

निळंपाणी:
५ फुटी दांडा, ३ इंची आकडा ठरला. टोकावर काय घालता?

सुकाणू:
जाड रबरी नळीचा तुकडा. मासा दिसल्यावरच काढायचा.